डाव्या खांद्याची दुनळी

मिस्त्रींच्या दुकानात शिरलं की आधी मिस्त्री दिसत नसत, बोर्ड दिसायचा. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं, स्वतःच्या हातानं रंगवलेला: 'जुन्या बंदुकीत बदल करून मिळणार नाही. आग्रह करू नये.' त्याखाली कुणीतरी खिळ्यानं 'का?' असं ओरबाडून ठेवलं होतं. मिस्त्रींनी ते पुसलं नव्हतं आणि उत्तरही दिलं नव्हतं.

हा बोर्ड काही उगाच लागला नव्हता. तरुणपणी मिस्त्री ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकले, तो येईल त्या गिऱ्हाइकाला 'हो' म्हणायचा. कुणाला जुनी बंदूक नव्यासारखी चकचकीत हवी असली, की हा कुलपांवरची, म्हणजे घोड्याच्या यंत्रावरच्या पत्र्यांवरची, कोरलेली वेलबुट्टी घासून सपाट करायचा. कुणाला नळ्या आखूड हव्या असल्या, की करवत तयार. कुणाला जास्त जोराचं नवं काडतूस जुन्या नळीत बसवून हवं असलं, की नळी आतून कोरून कागदासारखी पातळ. शंभर वर्षं जगलेल्या बंदुका त्या दुकानात धडधाकट आल्या आणि भंगार होऊन गेल्या. मिस्त्रींनी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आणि स्वतःचं दुकान घातलं तेव्हा हत्यारं मांडायच्या आधी बोर्ड टांगला. "ज्यानं बंदूक घडवली तो मेला. त्याला विचारता येत नाही. मग हात लावायचा कुणाच्या परवानगीनं?" असं ते म्हणायचे, आणि त्यात चूक काढणं अवघड होतं. साफ करतील, तेल घालतील, तुटलेली स्प्रिंग बदलतील. बदल म्हटलं की मान आडवी.

अशा माणसाच्या घरातच त्याला 'का?' विचारणारी निघाली, त्याची ही गोष्ट.

मिस्त्रींची बायको म्हणजे नेमबाई. खरं नाव होतं, पण ते परवान्यावर. तोंडात कुणाच्याच नव्हतं. गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर त्यांचा जन्म गेला. तिथे यंत्रातून बशीएवढ्या मातीच्या तबकड्या हवेत उडतात, आणि उडत्या तबकडीचा छर्ऱ्यांनी चुरा करायचा, एवढाच खेळ. नेमबाईंचे वडील या मैदानाचे पहिले राखणदार. त्यांच्यामागे सगळं नेमबाईंकडे आलं: यंत्र भरणं, ठिकऱ्या झाडणं, नवख्यांना शिकवणं, आणि क्लबच्या मोठ्या मोठ्या लोकांना "बोट चापावरून काढा" म्हणून दटावणं. आवाज असा, की कुंपणाबाहेरून जाणारा सायकलवालाही घंटीवरचं बोट काढायचा.

वडिलांकडून त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली होती, ती म्हणजे बारा बोअरची जुनी दुनळी. दोन नळ्या शेजारी शेजारी, कुलपांवर बारीक पानंफुलं, आणि काळसर रेषांचा अक्रोडी दस्ता. वडिलांना ती एका म्हाताऱ्या सभासदानं मैदान सोडताना देऊन टाकली होती. इतकी वर्षं ती पुसायचं काम तेच करत होते, मग आता पुसतील तरी आपली म्हणून, असं तो म्हणाला होता म्हणे.

नेमबाई लहान असताना ही दुनळी त्यांना लांब पडायची. वडिलांनी काय करावं? सरळ लाकूड कापायची करवत घेतली आणि खांद्याला टेकणाऱ्या त्या देखण्या दस्त्याची शेवटची दोन बोटं कापून काढली. क्लबात हळहळ झाली. वडील म्हणाले, "पोरगी वाढेल तेव्हा परत चिकटवू. बंदुकीसाठी पोरीला ताणू का आता?" कापलेला तुकडा त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवला.

पोरगी वाढली, आणि डबा नि दुनळी घेऊन उस्तादाच्या दुकानात गेली. तिथल्या एका मुखदुर्बळ तरुण कारागिरानं तुकडा परत बसवून दिला. काम चोख होतं, पण जोडाची बारीक रेघ दिसत होती.

"रेघ दिसतेय," ती म्हणाली.

"दिसू दे. कापला होता ना? मग लपवायचं कशाला?" तो म्हणाला.

एवढ्या वाक्यावर भाळून लग्न करणारी बाई जगात दुसरी नसेल. कारागीर पुढे मिस्त्री झाला, पोरगी नेमबाई झाली, त्यांना एक लेक झाली, लेकीचं लग्नही झालं. रेघ होती तिथेच होती.

आणि गेल्या वर्षी एका सकाळी नेमबाई कपात दूध ओतायला गेल्या, तर दूध ओट्यावर पडलं. त्यांनी आधी कपाला शिव्या घातल्या, मग दुधाच्या भांड्याला. मग एक डोळा झाकून पाहिला, दुसरा झाकून पाहिला. उजव्या डोळ्यापुढे राखाडी पडद्याशिवाय काही नव्हतं.

डॉक्टरनं सांगितलं, आतली शीर बंद पडलीय, गेलेली नजर काही परत यायची नाही. डावा मात्र ठणठणीत आहे. वाचाल, फिराल, शिवणटिपण कराल.

"शिवणटिपण मी दोन डोळे होते तेव्हाही केलं नाही," नेमबाई म्हणाल्या. "बंदुकीचं सांगा."

डॉक्टर हसला. वाईट माणूस नव्हता, पण हसला. "आता या वयात कशाला, आजी?"

नेमबाई दवाखान्यातून बाहेर पडल्या त्या लालेलाल होऊन. रडणं त्यांनी घरी येऊन, न्हाणीघराचं दार लावून, वर नळ सोडून उरकलं. मिस्त्रींना ऐकू जाऊ नये म्हणून नळ. मिस्त्रींना ऐकू गेलंच. त्यांनी त्या दिवशीची सगळी भांडी घासून पालथी घातली.

बातमी क्लबात पोचली आणि सेक्रेटरीला कळवळा आला. हा सेक्रेटरी म्हणजे एके काळी नेमबाईंनीच कान धरून शिकवलेला पोरगा. आता पोट सुटलं होतं आणि खोलीवर पाटी लागली होती. मनानं चांगला, पण चांगल्या माणसानं तुमचं भलं करायचं मनावर घेतलं की पळायला वाट राहत नाही. त्यानं क्लबच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट करून घेतलं. आत हिरवी मखमल, वर छोटा दिवा, खाली पितळी पट्टी: 'या मैदानाच्या पहिल्या राखणदाराची दुनळी. मूळ अवस्थेत जतन.' वर्षातून एकदा जुन्या दुनळ्यांचा सामना भरायचा. त्या दिवशी समारंभ करून बंदूक कपाटात ठेवायची, नेमबाईंनी दोन शब्द बोलायचे, मग टाळ्या, मग चहा.

"मूळ अवस्थेत?" नेमबाईंनी विचारलं. "आमच्या वडिलांनी करवतीनं कापलीय ती."

"काचेतून कळणार नाही, बाई."

"आणि कपाटात गेल्यावर चालवणार कोण?"

"चालवायची नसते ना मग. जपायची असते. तुमचाच मान आहे तो."

"मग मलाही बसव आत. मखमल बरी दिसतेय."

सेक्रेटरी हसला. त्याला वाटलं, बाई तयार आहेत.

लेकीलाही तसंच वाटत होतं. ती आठवड्यातून एकदा यायची, फळं आणायची आणि उपदेश करायची. "आई, एवढा मान देतायत तर घे की. कुणी तुला हाकलत नाहीये."

"हाकललं असतं तर बरं होतं. भांडता तरी आलं असतं," नेमबाई म्हणाल्या. "मान देऊन घरी बसवतात ना, तेव्हा भांडायचं कुणाशी?"

त्यांनी कपाटाला ना हो म्हटलं, ना नाही. मैदानात गेल्या आणि दुनळी डाव्या खांद्याला लावली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दस्ता सहसा सरळ नसतो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्यासाठी तो किंचित उजवीकडे वळवलेला असतो, म्हणजे गाल टेकवला की उजवा डोळा आपोआप दोन नळ्यांच्या मधोमध येतो. सहज बघणाऱ्याला हा बाक कळतही नाही. पण तीच बंदूक डाव्या खांद्याला घेतली, की तो बाक उलटा पडतो: लाकूड गालाच्या हाडावर चढतं आणि डोळा भलतीकडेच बघत बसतो. नेमबाईंनी क्लबच्या सरावाच्या सरळ बंदुकीनं डाव्या हाताचा धडा पुन्हा पहिलीपासून गिरवला, आणि काही महिन्यांत त्या बंदुकीनं तबकड्या फुटू लागल्या. दुनळी हातात घेतली की मात्र तबकडी सुखरूप जाऊन गवतात पडायची आणि नेमबाईंच्या गालावर जांभळा डाग उठायचा.

"नाचता येईना अंगण वाकडं," सेक्रेटरी कुणाच्यातरी कानात पुटपुटला. पुटपुटताना त्याला आठवायला हवं होतं, की बाईंचा डोळा गेलाय, कान नाही.

"अंगण खरंच वाकडं आहे," नेमबाई तिकडूनच म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूला वाकडं करून घेते. मग बघ नाच."

लेक म्हणाली, क्लबच्या बंदुकीनं मार की, कोण नको म्हणतंय? पण दुनळ्यांच्या सामन्यात ती सरळ बंदूक चालत नव्हती. आणि चालली असती तरी काय? जन्मभर स्वतःच्या घरात राहिलेल्या बाईला म्हातारपणी भाड्याच्या खोलीत जा म्हणण्यातला प्रकार.

मग त्या मिस्त्रींकडे गेल्या. घरी नव्हे, घरी विषय काढला की मिस्त्रींना नेमकं बाहेर काम निघायचं. दुकानात गेल्या. दोन गिऱ्हाइकं आधी बसली होती, त्यांच्या शेजारी बाकावर दुनळी मांडीवर घेऊन बसल्या. आपला नंबर आला तशा उठल्या; तोवर मागे आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन बसली होती.

"दस्ता डावीकडे वळवून पाहिजे."

मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "बोर्ड वाच."

"एकच डोळा आहे. लांबचं दिसत नाही."

बाकावरचं एक गिऱ्हाईक खोकल्याच्या निमित्तानं हसलं. मिस्त्रींनी बंदूक हातात घेतली, दस्त्याची मान, म्हणजे नळ्यांच्या मागचा तो निमुळता भाग, बोटानं चाचपली आणि पुढ्यात ठेवली.

"शंभर वर्षांचं वाळलेलं लाकूड आहे. मानेत रेषा तिरप्या गेल्यात. गरम तेल पाजून वाकवता येतं, मला येतं. पण शेवटच्या क्षणी कडकन तुटलं तर दोन तुकडे होतील. मग कपाट नाही आणि मैदानही नाही. आणि आज तुझं केलं, की उद्या रांग लागेल. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

"म्हातारी अजून मेलेली नाही," नेमबाई म्हणाल्या.

"नवा दस्ता करून देतो. डावा. जुना आहे तसा काढून ठेवू."

हा तोडगा वाईट नव्हता. समजूतदार माणसानं तो घेतला असता. नेमबाईंनी क्षणभर विचार केलाही.

"लोखंड कुणाचंही असतं हो," त्या म्हणाल्या. "हे लाकूड माझ्या बापानं कापलं, तुम्ही चिकटवलं. गाल टेकवायचा तो याला. नवीन लाकडाला टेकवून मी काय करू?"

"ज्यानं हे घडवलं त्यानं उजव्या खांद्यासाठी घडवलं. तो काही आता..."

"माझ्या बापानं विचारलं होतं का त्याला?"

मिस्त्रींनी पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. नेमबाई दुनळी घेऊन घरी आल्या आणि त्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला. दोघंही एका माळेचे मणी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो यांचा. चहा मिळत होता, पण कप समोर न येता टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेला सापडायचा.

अबोल्यात एक बरं असतं: माणूस बोलत नाही, तेव्हा बघतो. नेमबाईंनी त्या दिवसांत मिस्त्रींकडे नीट पाहिलं. कप त्या अर्धाच भरत होत्या. कधीपासून, ते आठवेना. पूर्ण भरला तर मिस्त्रींच्या हातात तो हिंदकळतो म्हणून. शर्टाची बटणं ते भिंतीकडे तोंड करून लावत होते. दुकानात कानस चालवताना कोपर टेबलावर रोवून ठेवत होते. हे सगळं नेमबाईंना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक असणं आणि ते एकत्र जोडून बघणं, यात अंतर असतं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी, त्यांनी अर्धा कप मिस्त्रींच्या समोर, अगदी पुढ्यात आणून ठेवला.

"तुम्ही बोर्डाला धरून बसलेले नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा हात थरथरतो म्हणून नाही म्हणताय."

मिस्त्रींनी कप उचलला नाही.  नेमबाईंना बोलल्याचा पश्चात्ताप झाला, आणि तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

"बोर्ड खराच आहे," मिस्त्री शेवटी म्हणाले. "पण हेही खरं आहे. वाकवायच्या चौकटीचा स्क्रू केसभर फिरवायचा असतो गं. माझा हात केसभर फिरवायला गेला की बोटभर फिरतो. दुसऱ्या कुणाची बंदूक असती तर तोंडावर नाही म्हणालो असतो नि झोपलो असतो. ही माझ्या हातून मोडली तर?"

"स्क्रू मी फिरवते. तुम्ही सांगा."

"तुला अंतर कळत नाही. दूध सांडतेस."

"दूध सांडते, बोटांना कळायचं थांबलेलं नाही. आपल्याकडे मिळून तीन डोळे आणि तीन हात आहेत. लोकांची दुकानं याहून कमी भांडवलावर चालतात."

मिस्त्रींना हसू आलं, आणि ते आल्याचा राग आला. त्यांनी चहा संपवला आणि उठून दुकानाची किल्ली घेतली.

दुकानाचं दार आतून लावलं. नळ्या काढल्या, कुलपं काढून फडक्यावर मांडली. उरलेला दस्ता लोखंडी चौकटीत आडवा धरला. चौकटीला एका बाजूनं लांब स्क्रू, तो पिळला की दस्त्याची शेपटी हळूहळू बाजूला ढकलली जाते. मानेभोवती सुती पट्टी गुंडाळली. नेमबाईंनी घरून पातेलं आणलं होतं. त्यात जवसाचं तेल तापत ठेवलं. वास असा सुटला, की पुढे कित्येक दिवस त्या पातेल्यात उकळलेलं पाणीही कुणी प्यायला तयार नव्हतं.

काम तसं सोपं, फक्त धीराचं. पळीनं गरम तेल पट्टीवर सोडायचं, खाली ठेवलेल्या ताटलीत जमलं की परत तापवायचं, परत सोडायचं. लाकूड आतपर्यंत तापलं की मऊ पडतं, अडेल माणूस ऊन अंगावर घेता घेता सैल होतो तसं. मिस्त्रींनी दोन बोटं मानेच्या खालच्या बाजूला लावली होती. बोटं चटके खात होती. आणि एक गंमत अशी, की लाकडाला टेकलेला हात मुळीच थरथरत नव्हता.

"फिरव. थांब. तेल."

नेमबाई फिरवत होत्या, थांबत होत्या, तेल सोडत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं इतकं निमूट कधी ऐकलं नव्हतं. दस्ता उजवीकडून मधोमध आला. मग मधल्या रेषेच्या पलीकडे, डावीकडे सरकू लागला.

आणि टक् असा आवाज झाला.

मिस्त्री चौकटीवर वाकले. त्यांनी पट्टी बाजूला सारली. मानेच्या वरच्या अंगाला, तिरप्या रेषेच्या बाजूनं, नखाएवढा बारीक तडा गेला होता. 

"आत गेलाय?" नेमबाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. तडा उघडला नाही. "वरवरचा वाटतोय. वाटतोय म्हणतो, खात्री नाही. आता बास. एवढ्यावर भागव."

"एवढ्यानं गाल बसेल?"

मिस्त्रींना खोटं बोलता येत नसे. तसं येत असतं तर हे लग्नच झालं नसतं. "नाही. अजून जवाच्या दाण्याएवढं हवं. आणि सुटल्यावर लाकूड थोडं मागे फिरतं, म्हणून त्यावर आणखी थोडं."

नेमबाईंनी स्क्रूवरचा हात काढला नाही, पण फिरवलाही नाही. "तुम्ही सांगाल तर फिरवते. नाही म्हणालात तर इथेच सोडते, आणि परत कधी विषय काढणार नाही."

"तुटली तर?"

"तुटली तर आपल्या हातून तुटली. कपाटात धड राहून काय करणार आहे ती?"

मिस्त्रींनी पट्टी परत सारखी केली. स्वतः पळी घेतली. हात इतका थरथरला की अर्धं तेल टेबलावर गेलं, पण उरलेलं अर्धं जायला हवं तिथेच गेलं. मग दोन्ही हातांची बोटं त्यांनी मानेला खालून लावली आणि डोळे मिटले.

"फिरव," ते म्हणाले. "अजून. अजून जरा. बास."

दस्ता गार होईपर्यंत दोघं त्याच बाकावर बसून राहिली. उघडून पाहिलं तेव्हा तडा होता तेवढाच होता. मिस्त्रींनी तो सरसानं पक्का केला आणि मेणात काळसर रंग कालवायला घेतला.

"ते कशाला?" नेमबाईंनी विचारलं.

"भरून टाकतो. दिसणार नाही."

"दिसू दे," नेमबाई म्हणाल्या. मिस्त्रींनी मेणाची डबी बंद केली.

सामन्याच्या दिवशी दिवाणखान्यातलं कपाट उघडं होतं, आतला दिवा लागला होता आणि मखमलीवर बंदूक अडकवायला दोन पितळी आकडे वाट बघत होते. सेक्रेटरी सूट घालून दारात उभा. नेमबाई बगलेत दुनळी घेऊन आल्या, कपाटावरून पुढे गेल्या आणि नावनोंदणीच्या टेबलाशी थांबल्या.

"माझं नाव घाल."

"बाई, आज समारंभ आहे. आणि खरं सांगू का, एका डोळ्यानं... नियमात..."

"नियमात डोळे मोजलेत का कुठे?"

सेक्रेटरीनं आठवून पाहिलं. मोजले नव्हते. मग त्याची नजर दुनळीवर गेली. त्यानं ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि त्याचं तोंड उतरलं. "ही वाकडी केलीत तुम्ही? आणि हा तडा? आता कशी ठेवायची कपाटात? पट्टीवर मूळ अवस्थेत लिहिलंय."

"म्हणूनच," नेमबाई म्हणाल्या. त्यांनी बंदूक परत घेतली, आणि सेक्रेटरीनं नाव घातलं.

मागे खुर्च्यांवर लेक येऊन बसली होती, शेजारी मिस्त्री. एका सभासदानं वाकून विचारलं, "मिस्त्री, बोर्ड उतरवला म्हणे? माझ्या आजोबांची एक बंदूक आहे..."

"बोर्ड जागेवर आहे. खाली 'का?' लिहिलेलं होतं, त्याच्यापुढे एक ओळ वाढवलीय: 'आधी सांगा, चालवणार कोण?' तुमच्या घरी कोण चालवणार आहे?"

"चालवणार असं कुणी नाही, दिवाणखान्यात जरा..."

"मग आहे तशीच छान आहे ती," मिस्त्री म्हणाले आणि मैदानाकडे बघू लागले.

नेमबाईंची पाळी आली. त्यांनी दोन काडतुसं घातली, बंदूक मिटली, डाव्या खांद्याला लावली. तबकडी मागायची प्रत्येकाची हाक वेगळी असते. नेमबाईंची वडिलांपासून आलेली: "येऊ दे." त्यांनी ती दिली. तबकडी उडाली, बार झाला, तबकडी पुढे जाऊन गवतात पडली. दुसरीही. तिसरीही. लेकीनं डोळे मिटून घेतले. सगळीकडे ती दयेची शांतता पसरली, जी नेमबाईंना हशापेक्षा जास्त झोंबायची.

"घाई होतेय," मिस्त्री मागून नेहमीच्या आवाजात म्हणाले. "गाल आता बसतोय. बसलाय यावर विश्वास ठेव."

महिनोन् महिने लाकूड गालावर आपटायचं, म्हणून गाल आधीच मागे सरत होता, हे नेमबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी गाल लाकडावर टेकवला, नीट, सगळं वजन देऊन. तडा होता तिथेच अंगठ्याखाली लागला. डावा डोळा दोन नळ्यांच्या बरोबर मधून आभाळाकडे बघत होता.

"येऊ दे."

तबकडी उडाली आणि तिचा काळा धूर झाला. कुणी ओरडलं नाही, टाळ्याही पडल्या नाहीत.  मग पुढची फुटली. मग एक चुकली, मग दोन फुटल्या. सामना नेमबाईंनी जिंकला नाही, मधल्या कुठल्याशा नंबरवर आल्या. पण त्या फेरीत त्यांच्या गालावर डाग उठला नाही.

सेक्रेटरी जवळ आला. सूटवर बारुदीचा वास बसला होता आणि चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "बाई, मी त्या कपाटाचं काय करू आता?"

"चहाचे कप ठेव. उघड्यावर धूळ बसते त्यांच्यावर."

"आणि तुमच्यानंतर? तेव्हा तरी द्याल ना क्लबाला?"

नेमबाईंनी बंदूक मधून उघडून रिकामी काडतुसं काढली. "माझ्या बापानं माझ्यासाठी कापली, मी माझ्यासाठी वाकवली. माझ्यानंतर जिला हवी असेल तिनं आपल्या खांद्याला जमवून घ्यावी. तुटली तर नवं लाकूड लावावं. मिस्त्री नसले तर..." त्यांनी मागे वळून पाहिलं. लेकीनं बापाचा हात हातात घेतला होता. तो थरथरत होता आणि तो लपवायचं मिस्त्रींच्या मनातही नव्हतं. "तर हिला स्क्रू फिरवायला शिकवून ठेवते."

"मला?" लेक म्हणाली.

"मग कुणाला? उपदेश करायला हात लागत नाहीत, मोकळेच आहेत तुझे."

सामना संपला होता, माणसं चहाकडे निघाली होती. यंत्रात काही तबकड्या शिल्लक होत्या. नेमबाईंनी नवी काडतुसं घातली, बंदूक मिटली, गाल लाकडाला टेकवला आणि रिकाम्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या जोरानं म्हणाल्या, "येऊ दे."